आमच्या धड्यांच्या मूळ फाइली आम्हाला द्या: शाळांसाठी डिजिटल धडे बनवणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

नमस्कार,

मी धनकवडीतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते आठवीला विज्ञान शिकवते, १९ वर्षं झाली. शाळांसाठी सीडी, टॅब, ॲप, स्मार्ट क्लास असं जे जे कोणी बनवतं त्या सगळ्यांना हे पत्र आहे, आणि तितकंच ते विकत घेणाऱ्यांनाही आहे, म्हणजे संस्थाचालक, देणगी देणारे ट्रस्ट, कंपन्यांचे सीएसआरवाले, टेंडर काढणारे साहेब लोक. कुणाचं नाव घेत नाही. आमच्याकडे जे झालं ते एका दुकानदाराशी भांडून मिटण्यासारखं नाहीये, मी ज्या ज्या शाळांतल्या बाईंशी नि सरांशी बोलले त्यातल्या बऱ्याच जणांच्या कपाटात अशीच एक सीडीची पेटी पडलेली आहे.

आमच्याकडे हृदयाचा एक धडा होता. २००८ साली संस्थेने ६४ धड्यांचा एक संच घेतला होता, लॅबमधल्या कंप्युटरसाठी, त्यातला हा. स्क्रीनवर हृदय धडधडत असायचं, मधे एक बटण होतं, ते दाबलं की हृदय एकदम हळू व्हायचं आणि मग वरच्या दोन कप्प्यांतून खालच्या दोन कप्प्यांत रक्त कसं उतरतं, झडप कधी उघडते कधी मिटते, फुप्फुसाकडे निळं रक्त जाऊन लाल होऊन कसं परत येतं हे सगळं पोरांना स्वतः थांबवत थांबवत बघता यायचं. झडप मुद्दाम उघडी ठेवली तर रक्त उलटं यायचं. पुस्तकातलं चित्र दाखवून मी हे गेली कित्येक वर्षं शिकवलंय पण चित्रातली झडप उघडत नाही हो. आणि त्यात एक बाईंचा आवाज होता, स्वच्छ मराठी, घाई नाही, "आता तू स्वतः दाबून बघ" असं म्हणायच्या आणि खरंच थांबायच्या, मूल दाबेपर्यंत पुढे जायच्या नाहीत. ज्याने कुणी तो बनवला त्याला वर्गात मूल कसं बसतं हे माहिती होतं.

२०१२ च्या जूनमधे एका ट्रस्टने शाळेला २० टॅब दिले. सात इंची, अँड्रॉइड ४.० वाले. धड्यांचा संच विकणाऱ्यांनीच ते ६४ धडे मेमरी कार्डवर टाकून दिले, ते चालवणारा ॲडोबी कंपनीचा प्रोग्राम, म्हणजे फ्लॅश प्लेयर, तोही टाकून दिला, आणि आमच्या पोरांनी पहिल्यांदा हृदय हातात धरून बघितलं. आमच्याकडे मार्केटयार्डात हमाली करणाऱ्यांची, रिक्षा चालवणाऱ्यांची, घरकामाला जाणाऱ्या बायांची मुलं येतात, तेव्हा त्यांच्यातल्या कुणाच्याच घरी असलं काही नव्हतं. दोनदोन मुलांत एक टॅब. तासाची घंटा झाली तरी देत नव्हती परत.

आता मला जे खूप उशिरा कळलं ते सांगते. आमचे टॅब आले जून २०१२ मधे. त्याच्या सात महिने आधी, नोव्हेंबर २०११ मधे, ॲडोबीने स्वतःच जाहीर करून टाकलं होतं की मोबाइल आणि टॅबसाठी फ्लॅश प्लेयर आता पुढे बनवणार नाही, ११.१ ही शेवटची आवृत्ती. अँड्रॉइडवर फ्लॅश नीट येऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. आयपॅडवर तर तो कधीच नव्हता, स्टीव्ह जॉब्सने एप्रिल २०१० मधेच तसं जाहीर पत्र लिहून कारणं दिली होती, बॅटरी खातो, सुरक्षित नाही, माउससाठी बनलाय बोटासाठी नाही. म्हणजे आम्हाला टॅब देताना, त्यावर फ्लॅशचे धडे भरून देताना, हे लवकरच बंद पडणार हे या धंद्यातल्या प्रत्येकाला कळायला हवं होतं, आणि आम्हाला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. मला पैशाचा राग नाही. विचारलं असतं तर आम्ही तेव्हाच म्हणलं असतं की बरं, मग हे दुसऱ्या कशात तरी करून द्या, अजून वेळ आहे.

१५ ऑगस्ट २०१२ नंतर प्ले स्टोअरवरून फ्लॅश नवीन टॅबवर घेता येईना. आम्हाला पत्ताच नव्हता. गणपतीच्या सुट्टीनंतर एक टॅब अडकला म्हणून सरांनी रिसेट मारला आणि चालू केला तर सगळं आलं, धडे मेमरी कार्डवर तसेच्या तसे, पण उघडला की राखाडी चौकोन. एक मुलगी म्हणाली, "बाई, याच्यातलं हृदय गेलं." तेव्हापासून आमची धडपड चालू आहे, आणि ती सविस्तर सांगते कारण तुम्ही पेटी विकून किंवा देऊन निघून जाता तेव्हा मागे काय होतं हे तुम्हाला बघायला मिळत नाही.

पहिलं आम्ही केलं ते चुकीचं केलं. कुणीतरी सांगितलं नेटवर फाइल मिळते, अननोन सोर्सेसला, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरच्या फाइलींना, परवानगी द्या आणि टाका. टाकली. दोन दिवसात टॅब उघडला की जाहिराती, त्या पण पोरांसमोर दाखवू नयेत अशा. तापकीर गल्लीत एक रिपेअरवाला मुलगा आहे, त्याच्याकडे चार टॅब पिशवीत घालून बसने घेऊन गेले, त्याने साफ करून दिले, पैसे निम्मेच घेतले आणि म्हणाला, मॅडम असलं कुठूनही उचलून टाकू नका, आणि जे चालू आहेत त्यांना नेट दाखवू नका, अपडेट मारू नका. पुढे कळलं की ॲडोबीच्याच साइटवर जुन्या आवृत्त्यांच्या यादीत ती खरी फाइल ठेवलेली होती, पण ते सांगणारं तेव्हा कुणी भेटलं नाही.

मग आम्ही त्याचं ऐकलं. सहा टॅब वेगळे काढले, वायफाय बंद, खडूने मागे क्रमांक घातले आणि ठरवलं की यांना काही झालं तरी हात लावायचा नाही, फक्त धड्यासाठी काढायचे. ते सहा टॅब आम्ही २०१७ पर्यंत चालवले. नंतर एकेकाची बॅटरी फुगायला लागली, मागचं झाकण वर आलेलं दिसलं की मी तो वर्गात न्यायचं बंद करायचे, पोरांच्या हातात असली बॅटरी देणार कशी.

२०१८ मधे एका कंपनीकडून १२ नवीन टॅब आले. चांगले होते, मोठी स्क्रीन, अँड्रॉइड ८. पण त्यात फ्लॅश चालायचा प्रश्नच नव्हता. अँड्रॉइडवरच्या क्रोमने फ्लॅश कधीच चालवला नाही, आधी तो चालायचा तो टॅबच्या जुन्या ब्राउझरमधे किंवा फायरफॉक्समधे, आणि अँड्रॉइड ४.४ पासून आतलं इंजिनच बदललं. पफिन नावाचा एक ब्राउझर होता, तो फ्लॅश त्यांच्या सर्व्हरवर चालवून नुसतं चित्र आपल्याला पाठवायचा, पण त्याला सतत नेट लागायचं आणि मेमरी कार्डावरचा धडा तो उघडायचाच नाही, तर आमच्या काय कामाचा. नवे १२ टॅब असून हृदयाचा धडा जुन्या दोन टॅबवर ४० पोरं आळीपाळीने बघतायत असं एक वर्ष आमच्याकडे गेलंय.

लॅबमधल्या कंप्युटरवर तरी चालत होतं, म्हणून धीर होता. तोही गेला. जुलै २०१७ मधेच ॲडोबी, गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला, फेसबुक सगळ्यांनी मिळून सांगितलं होतं की २०२० संपलं की फ्लॅश संपला. ३१ डिसेंबर २०२० ला सपोर्ट बंद झाला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरनेच धडे चालवायचं नाकारलं. तेव्हा करोनामुळे आमची लॅब कुलपात होती, पोरं वडलांच्या फोनवर, तेही वडील रात्री घरी आले की, अभ्यास करत होती, त्या फोनवर तर आमचा एकही धडा कधीच उघडत नव्हता. लॅब उघडली तेव्हा धड्याच्या जागी एक छोटं चिन्ह, बाकी काही नाही. साडेतीन वर्षांची नोटीस होती आणि ती आमच्यापर्यंत पोचलीच नाही. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याला सुद्धा त्या जानेवारीत आपले फॉर्म उघडावेत म्हणून स्वतःचा वेगळा ब्राउझर काढायला लागला होता म्हणे, एवढ्या मोठ्या खात्याची ही गत तर धनकवडीतल्या शाळेने कुठे जायचं.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहिते, नाहीतर लोकांना वाटेल मी फ्लॅश परत आणा म्हणतेय. नाही म्हणत. प्लगइन म्हणजे ब्राउझरच्या घरात दुसऱ्या कुणाच्या तरी प्रोग्रामला खोली द्यायची, ती खोली आतून तो कशी वापरतो यावर घरमालकाचा ताबा नाही. १९९५ मधे नेटस्केप नावाच्या तेव्हाच्या ब्राउझरने ही सोय आणली तेव्हा ब्राउझरला स्वतःला फारसं काही येत नव्हतं, व्हिडिओ नाही, ॲनिमेशन नाही, म्हणून गरज होती. पण त्या खोलीतून चोर शिरायला लागले, दर महिन्याला भोकं बुजवायला लागायची. क्रोमने २०१५ मधे जुन्या पद्धतीचे प्लगइन काढून टाकले, फायरफॉक्सने २०१७ मधे फ्लॅश सोडून बाकीचे काढले, सिल्व्हरलाइट नावाच्या अशाच एका प्लगइनचा सपोर्ट ऑक्टोबर २०२१ मधे संपला, जावाचं तसंच झालं. जायला हवं होतं ते गेलं. आणि एचटीएमएल५, म्हणजे ब्राउझरला थेट कळणारी वेब पानांची नवी भाषा, ती तर २०१४ मधेच अधिकृत झाली होती, कुठल्याही टॅबवर, कुठलाही प्लगइन न घालता, हेच सगळं त्यात करता येतं. माझं म्हणणं एवढंच की प्लेयर गेला म्हणून धडा जायचं काहीच कारण नव्हतं, आणि तो गेला कारण त्याची मूळ फाइल आमच्याकडे कधी आलीच नाही.

हे मला पण माहिती नव्हतं, म्हणून सगळ्यांसाठी लिहिते. फ्लॅशचा धडा बनवताना दोन फाइली असतात. एक एफएलए, तिच्यात सगळं सुटं असतं, चित्रं वेगळी, आवाज वेगळा, मजकूर वेगळा, कुठल्या बटणाने काय होतं ते वेगळं. दुसरी एसडब्ल्यूएफ, ती त्यावरून तयार झालेली. आपण ब्लाउज शिवून आणतो तेव्हा टेलरकडे कागदाचं माप राहतं ना, तसं. अंगाला घट्ट झाला तर शिवलेल्यात फार काही करता येत नाही, पण कागदावरून दुसरा बेतता येतो. आम्हाला सगळ्यांना एसडब्ल्यूएफ दिल्या. एफएलए असती तर ॲडोबीच्याच नव्या प्रोग्राममधे, ज्याचं नाव २०१६ पासून ॲनिमेट आहे, ती उघडून बटणांचा कोड नव्याने लिहून एचटीएमएल५ मधे काढता आली असती. काम आहे, दोन क्लिकचं नाही, पण चित्रं नि आवाज तरी पुन्हा करायला नको.

मी संच विकणाऱ्यांना फोन केला. तीनदा केला, दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा म्हणाले जुनं आता सपोर्ट नाही, नवीन पॅकेज घ्या, टॅबमागे वर्षाला इतके रुपये. मी म्हणलं मला नवीन नको, जे आम्ही घेतलंय त्याच्याच मूळ फाइली द्या, आमच्याकडे पावती आहे. तर म्हणाले त्या आमच्या मालकीच्या आहेत, देता येत नाहीत. दुसऱ्यांदा गेले तेव्हा तिथल्या एका वयस्कर गृहस्थांनी खरं सांगितलं, की मॅडम, द्यायच्या म्हणल्या तरी आमच्याकडेच नाहीत, ज्या मुलांनी बनवल्या ती सोडून गेली, मशीन भंगारात गेल्या. हे ऐकून मी जिन्यात पाच मिनिटं बसले. ६४ धडे, किती लोकांनी किती महिने बसून केले असतील, आणि त्यांचं माप कुणाकडेच नाही.

मार्ग निघाला तो आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. इंजिनियरिंगला आहे, दिवाळीत भेटायला आला होता, मी कपाटातली पेटी दाखवली तर म्हणाला बाई, रफल बघितलंय का. रफल म्हणजे फ्लॅशची नक्कल करणारा प्रोग्राम, जगभरातल्या लोकांनी मिळून केलेला, फुकट, आणि तो प्लगइन नाही, ब्राउझरला आता जे वेबअसेम्ब्ली नावाचं तंत्र येतं त्यातच चालतो, म्हणजे ब्राउझरच्या कुंपणातच राहतो, जुन्या फ्लॅशसारखा घरभर फिरत नाही. नेटवरचं जुनं जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने नोव्हेंबर २०२० मधे जुने फ्लॅशचे खेळ नि ॲनिमेशन जपून ठेवायला सुरुवात केली ती यावरच.

कुणाला करायचं असेल तर आम्ही कसं केलं ते सांगते. टॅबमधे मेमरी कार्डावरची फाइल नुसती क्रोममधे उघडून चालत नाही, रफलचा मुख्य भाग अशा थेट उघडलेल्या पानावर लोड व्हायला ब्राउझर परवानगी देत नाही, यात आमचे दोन दिवस गेले. मग त्या विद्यार्थ्याने शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर एक फोल्डर केलं, त्यात सगळे धडे, रफलच्या फाइली, आणि प्रत्येक धड्याला एक साधं पान ज्यात रफलची एक ओळ टाकलेली. लॅपटॉपवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा होती, तिच्यातच एक छोटा सर्व्हर येतो, तो एका कमांडने चालू होतो. लॅपटॉपचा हॉटस्पॉट चालू करायचा, टॅब त्याला जोडायचे, क्रोममधे लॅपटॉपचा पत्ता टाकायचा. नेट लागत नाही. एक रुपया लागत नाही. २०१८ चे टॅब आहेत, क्रोम अपडेट केलेला आहे, तेवढं पुरतं, २०१२ वाल्यांवर मात्र हे चालत नाही, त्यांचा ब्राउझर फार जुना.

सातवीच्या वर्गात पहिल्यांदा लावलं तेव्हा त्या बाईंचा आवाज आला, "आता तू स्वतः दाबून बघ", आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं. पोरांना काहीच कळेना बाईंना काय झालं. त्यांना ते रोजचंच, मोबाइलवर याहून भारी बघतात. पण पाच मिनिटांत झडप उघडी ठेवून रक्त उलटं आणायचा शोध त्यांना लागला आणि मग वर्ग शांत झाला.

सगळं मात्र चाललं नाही. ६४ पैकी ४१ चालले, १४ अर्धवट, ९ अजिबात नाही. का ते त्या मुलाने समजावलं. फ्लॅशच्या धड्याची भाषा ॲक्शनस्क्रिप्ट, तिची तिसरी आवृत्ती २००६ मधे आली ती आतून पूर्ण वेगळी. आधीच्या आवृत्त्यांतलं रफल बरंच छान चालवतं, तिसऱ्यातलं सगळं अजून नाही. आमचे साधे धडे जुन्या भाषेतले, आणि ज्यांच्यावर जास्त मेहनत घेतली होती, ज्यात आकडे टाकून प्रयोग करता यायचा, ते नेमके नव्या भाषेतले.

अर्धवट चाललेल्यांत सगळ्यात जास्त त्रास मराठी अक्षरांनी दिला, आणि याचं मला फार वाईट वाटतं कारण हे दुखणं आपलं आहे, अमेरिकेतल्या कुणी आणलेलं नाही. धड्यात मजकूर जुन्या फाँटमधे टाईप केलेला, ज्यात मराठी अक्षर दिसतं पण आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात. जिथे फाँट धड्याच्या आत भरला होता तिथे व्यवस्थित दिसतंय, जिथे कंप्युटरवर असेलच असं धरून चाललं होतं तिथे टॅबवर नुसत्या खुणा, कंस, इंग्रजी अक्षरं. पुणं हे मराठी फाँटचं गाव आहे, सीडॅक या सरकारी संस्थेचं मराठीवरचं काम इथलं, श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर इथलं, ज्या काळात मराठी कंप्युटरवर दिसतच नव्हती त्या काळात या लोकांनी ती दाखवली, अप्पा बळवंत चौकातली अर्धी पुस्तकं त्यावर छापली गेली असतील. पण युनिकोडमधे, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना जगभर एकच कोड देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे. २००८ मधे शाळेचा धडा बनवताना तो युनिकोडमधे लिहायला हवा होता आणि निदान मजकुराची वेगळी युनिकोड फाइल ठेवायला हवी होती. आमच्या एका बाईंनी आणि मी मिळून १४ पैकी ५ धड्यांचा मजकूर मूळ सीडीवर बघून हाताने कागदावर उतरवून घेतलाय, आता पोरं टॅबवर चित्र बघतात आणि शेजारी तो कागद ठेवतात.

आणि बोटाचा प्रश्न आहेच. धडे माउससाठी बनवलेले. काही ठिकाणी बाण नुसता वर नेला की नाव दिसायचं, बोट असं नुसतं वर धरून चालत नाही, टेकवलं की दाबलंच जातं. बाणाच्या कळा हव्यात तर टॅबला कळा नाहीत. अक्षरं बारीक.

हे सगळं टाळता आलं असतं हे मी हवेत बोलत नाहीये. अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठात फेट नावाचे विज्ञानाचे प्रयोग आहेत, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मधे सुरू केलेले, तेही आधी जावा आणि फ्लॅशमधेच होते. त्यांनी एकेक करून एचटीएमएल५ मधे नेले, कारण मूळ सामान त्यांच्याकडे होतं, आणि आज त्यातले कितीतरी मराठीतसुद्धा आहेत, टॅबवर फुकट चालतात. मुलं कोडिंग शिकतात ते स्क्रॅच, त्याची दुसरी आवृत्ती फ्लॅशवर होती, जानेवारी २०१९ मधे तिसरी आली ती एचटीएमएल५ वर, आणि मुलांनी आधी केलेले प्रोजेक्ट त्यात उघडतात. एवढ्या लांब कशाला, आपल्या पुण्यातच आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी जे काम केलं ते बघा. कागद, काड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे यांतून विज्ञानाची खेळणी, आणि त्यांची साइट म्हणजे साधी पानं नि पीडीएफ, कुणीही उतरवून घ्या. माझ्या २०१२ च्या फुगलेल्या टॅबवरसुद्धा त्यातली पीडीएफ उघडली असती.

तर माझं मागणं. बनवणाऱ्यांनो, ज्यांनी २००० ते २०१५ या काळात मराठीत शाळेचे धडे केलेत, कंपनीत असाल नाहीतर सोडली असेल, घरातले जुने हार्डडिस्क, डीव्हीडीचे डबे एकदा काढून बघा. एफएलए सापडल्या तर ज्यांचा हक्क आहे त्यांच्याशी बोलून त्या मोकळ्या करा, ज्या वस्तूचे तुम्ही आता पैसे मिळवतच नाही आहात ती अडवून कुणाचंच भलं होत नाही. एफएलए नसेल तर आवाजाच्या फाइली असतील, स्क्रिप्टचे कागद असतील, तेही चालेल, त्यावरून पुढचं आम्ही कुणाला तरी धरून करून घेऊ. तुमच्या हातचं काम चांगलं होतं म्हणून मागतेय.

विकत घेणाऱ्यांनो, टेंडर काढणाऱ्यांनो, पुढच्या वेळी टॅब किती जीबीचा याच्या आधी हे लिहून घ्या की धड्याच्या मूळ फाइली शाळेला मिळतील, मजकूर युनिकोडमधे असेल, नेट बंद असताना, लॉगिन न करता, साध्या ब्राउझरमधे चालेल, आणि ज्या स्वस्त टॅबवर मुलं बघणार आहेत त्याच टॅबवर, मुलाच्या बोटाने, तो चालवून दाखवला जाईल. कारण मला आत्ता दिसतंय की फ्लॅश गेला आणि त्याच्या जागी आता ॲप आलंय. ते कंपनीच्या सर्व्हरला विचारल्याशिवाय उघडत नाही, दर वर्षी लायसन संपतं, फोन नंबरवर ओटीपी मागतं, शाळेतली बदली झालेल्या बाईंच्या नंबरवर. शेजारच्या भागातल्या एका शाळेत असे ३० टॅब गेल्या वर्षीपासून बंद पडून आहेत, कंपनीचा फोनच लागत नाही. नवेकोरे टॅब आहेत हो ते. प्लगइनचं जे झालं तेच परत होतंय आणि आता तर त्यातून एसडब्ल्यूएफ सुद्धा काढून घेता येत नाही, सगळं कुलपात.

आणि माझ्यासारख्या बाईंनो, सरांनो, पेट्या भंगारात देऊ नका. सीडीवर बुरशीसारखे डाग पडायला लागतात, कंप्युटरला सीडी ड्राइव्ह राहिलेले नाहीत, तेव्हा जिथे ड्राइव्ह आहे तिथे जाऊन आधी सगळं पेनड्राइव्हवर उतरवून दोन ठिकाणी ठेवा, चालतंय का नाही ते नंतर बघू. ज्यांच्याकडे सीडीवर थेट ईएक्सई, म्हणजे प्लेयरशिवाय स्वतःच चालणारी फाइल, आहे त्यांची विंडोजवर अजूनही चालते, टॅबवर नाही, पण आतल्या फाइली काढता येतात. शनिवारी आमची शाळा सकाळची असते, त्यानंतर दोन वाजेपर्यंत मी लॅबमधे असते, कुणी आपली पेटी घेऊन आलं तर आमचा लॅपटॉप, आमचं फोल्डर, सगळं दाखवीन, कॉपी करून देईन.

जे ९ धडे चाललेच नाहीत त्यातला एक ग्रहणाचा आहे, आणि त्याच्यासाठी मी आज हे लिहायला बसले. दर वर्षी कुणीतरी विचारतंच, बाई अमावास्या दर महिन्याला येते मग सूर्यग्रहण दर महिन्याला का नाही. त्या धड्यात चंद्र स्वतः फिरवता यायचा आणि त्याची कक्षा तिरकी करायची एक पट्टी होती, शून्यावर ठेवली की दर अमावास्येला ग्रहण, आणि पाच अंशावर नेली, जेवढी ती खरंच कललेली आहे, की चंद्राची सावली बहुतेक वेळा पृथ्वीच्या वरून नाहीतर खालून निघून जायची. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाच्या आधी लॅबमधल्या कंप्युटरवर मी तो शेवटचा दाखवला. एका मुलाने पट्टी मागेपुढे करून करून स्वतःच उत्तर सांगितलं, मी काही बोलायच्या आत.

२ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे, आपल्याकडून दुपारनंतर खंडग्रास. ऑगस्टमधे पुण्याचं आभाळ कसं असतं ते तुम्हाला माहितीच आहे, चष्मे आणून पोरांना मैदानात उभं केलं तरी ढगच दिसायची शक्यता जास्त. म्हणून तो धडा मला त्याच्या आधी टॅबवर हवाय. संचात तो ३८ नंबरचा आहे, सुरुवातीला निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात "सावल्यांचा खेळ" असं येतं आणि मागे पेटीचे सूर वाजतात. ज्यांनी तो बनवला त्यांनी हे वाचलं, किंवा वाचून कुणाला आठवलं की हे आपल्या शेजारच्या टेबलवर झालं होतं, तर कृपा करून धनकवडीत या, नाहीतर कुणाबरोबर फाइल पाठवा.

आपली,
विज्ञानाच्या बाई
धनकवडी, पुणे